रांगेत घुसणाऱ्यावर आपण ओरडतो, मग स्टार पुढे गेला की मोबाईल का काढतो?

शिर्डीच्या दर्शनरांगेत कधी उभे राहिला असाल, तर दोन गोष्टी नक्की पाहिल्या असतील. एखादा माणूस "आमची माणसं पुढे आहेत" म्हणत हळूच पुढे सरकतो. लगेच मागून आवाज येतो, "ओ भाऊ, आम्ही काय येडे म्हणून उभे आहोत का?" थोड्या वेळाने एखादा हिरो किंवा क्रिकेटर पोलिसांच्या गराड्यात थेट आत जातो. मघाशी ओरडणारा माणूस आता हात उंच करून त्याचा व्हिडिओ काढत असतो.

खरं तर दोघांनी एकच गोष्ट केली. तुमच्या आधी दर्शन घेतलं. मग एकाला शिव्या आणि दुसऱ्याला लाईक, हे कसं?

मी अहिल्यानगर जिल्ह्यातलाच, म्हणजे आपल्या जुन्या नगरचा. शिर्डी आणि शनी शिंगणापूर ही दोन मोठी देवस्थानं जिल्ह्यातच असल्यामुळे रांग हा आमच्याकडे रोजचा विषय. पण हा प्रश्न फक्त देवळापुरता राहिलेला नाही. आता तिकीट, पास, पूजा, कॉन्सर्ट, सगळ्याची रांग मोबाईलमध्ये आली आहे. आपलं डोकं रांगेत कसं चालतं हे ज्यांना नीट माहीत आहे, ते आपली सोयही करतात आणि आपल्याला गंडवूही शकतात. म्हणून हे समजून घेऊया.

घड्याळातला वेळ वेगळा, डोक्यातला वेगळा

डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. त्यातले मुद्दे आजही जसेच्या तसे लागू पडतात. रिकामं बसून थांबणं हे काही करत थांबण्यापेक्षा लांब वाटतं. किती वेळ लागेल हे माहीत नसेल तर वेळ आणखी लांबतो. उशीर का होतोय हे कोणी सांगत नसेल तर आणखी. आणि रांग अन्यायाची वाटली, तर दहा मिनिटंही तासासारखी जातात.

शिर्डीत २६ ऑक्टोबर २०२३ रोजी नव्या दर्शनरांग संकुलाचं उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. या इमारतीत अनेक हॉल आहेत आणि एका वेळी दहा हजारांहून जास्त भाविक बसू शकतात. आता बघा, बसायला जागा मिळाली म्हणून गाभाऱ्यासमोरून एका मिनिटात जाणाऱ्या लोकांचा आकडा वाढत नाही. पण उन्हात उभं राहून थांबणं आणि सावलीत बसून थांबणं यात फरक आहे. वेळ तेवढाच, त्रास मात्र कमी.

ॲप बनवणारेही हेच करतात. फाईल डाऊनलोड होताना पुढे सरकणारी पट्टी दिसते, जेवण मागवलं की नकाशावर डिलिव्हरीवाल्याची छोटी गाडी दिसते. त्यामुळे जेवण लवकर येत नाही. फक्त काहीतरी चाललंय हे कळल्यामुळे आपण शांत राहतो. पैसे कापले गेले आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं, की छातीत धडधड का होते, त्याचं उत्तरही इथेच आहे.

घुसणाऱ्याला अडवायचं कोणी?

१९८६ मध्ये स्टॅनले मिलग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क शहरातल्या १२९ रांगांमध्ये त्यांनी मुद्दाम माणसं घुसवली होती. घुसणारा शांतपणे "माफ करा, मला इथे उभं राहायचंय" असं म्हणून मध्येच उभा राहायचा. एकटा माणूस घुसला तेव्हा साधारण निम्म्या रांगांमध्ये कोणीतरी हरकत घेतली. एकदम दोघं घुसले, तेव्हा दहापैकी नऊ रांगांमध्ये.

सगळ्यात मजेची गोष्ट पुढे आहे. घुसणाऱ्याच्या लगेच मागे संशोधकांचाच माणूस उभा करून त्याला गप्प राहायला सांगितलं, तर बाकीच्यांची हरकतही खूप कमी झाली. म्हणजे अडवायची जबाबदारी ठीक मागच्या माणसाची, असं रांगेतले सगळे मनातल्या मनात धरून चालतात. तो बोलला नाही, तर "त्यांचं काहीतरी आपसात असेल" म्हणून आपणही सोडून देतो.

एसटी स्टँडवर, रेशन दुकानात, दूध डेअरीवर हेच चालतं. रांगेला पोलीस लागत नाही. प्रत्येकाची नजर पुढच्यावर असते, तोच तिचा कायदा. ही नजर लक्षात ठेवा, कारण मोबाईलच्या रांगेत नेमकी हीच नसते.

'आपला' झहीर, 'आपला' अजिंक्य

आता स्टारकडे येऊ. झहीर खान श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. आमच्याकडे कोणीही सहज बोलून जातं, "आपला झहीर", "आपला अजिंक्य". यातल्या बहुतेकांनी त्यांना फक्त स्क्रीनवर पाहिलेलं असतं.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये या नात्यावर लिहिलं होतं. टीव्हीवरचा माणूस थेट आपल्याकडे बघून बोलतो, रोज ठरलेल्या वेळी घरात येतो. त्यामुळे तो आपल्या ओळखीचा वाटायला लागतो. नातं मात्र एकाच बाजूने असतं, आपण त्याला ओळखतो आणि तो आपल्याला नाही. तेव्हा टीव्ही ठरलेल्या वेळीच दिसायचा. आज रील दिवसभर हातात आहे, आणि स्टार त्याचा नाश्ता, जिम, कुत्रा, आईचा वाढदिवस सगळं दाखवतो. ओळखीचा भास कितीतरी पटीने वाढला आहे.

रॉबर्ट चाल्डिनी यांच्या १९७६ च्या अभ्यासात दिसलं, की कॉलेजची टीम जिंकली की विद्यार्थी "आपण जिंकलो" म्हणतात, आणि हरली की "ते हरले". आपणही आयपीएलच्या रात्री हेच करतो. दुसऱ्याच्या मोठेपणात आपला थोडा वाटा धरणं, हा माणसाचा स्वभाव आहे.

म्हणून स्टार रांग मोडून गेला तरी राग येत नाही. एक तर डोक्यात तो आपल्या रांगेतला नसतोच. रांगेत घुसणारा आपल्यासारखाच, म्हणून तो आपला नंबर चोरतो असं वाटतं. स्टारशी आपली स्पर्धा नसते. दुसरं म्हणजे त्याला पाहिल्याने आपल्यालाही काहीतरी मिळतं, एक व्हिडिओ, एक स्टेटस, गावात सांगायला एक गोष्ट. थांबलेल्या वेळेची जणू भरपाईच.

पण हिशोब थंड डोक्याने केला, तर स्टारच्या दर्शनासाठी गेलेली पाच मिनिटं रांगेतल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात. मागे हजार माणसं असतील तर पाच हजार मिनिटं. लेकराला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईची मिनिटंही त्यातच आली.

व्हीआयपी म्हणजे प्रायॉरिटी क्यू

कंप्युटर शिकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. साधी रांग म्हणजे जो आधी आला तो आधी जाणार. दुसरा प्रकार प्रायॉरिटी क्यू, म्हणजे कामाचं महत्त्व बघून नंबर. दवाखान्यात अपघाताचा पेशंट आधी घेतात तो हाच प्रकार, आणि त्याला कोणीही नाही म्हणत नाही. गर्भवती, वयस्कर, दिव्यांग यांना पुढे सोडलं तरी रांग हसून जागा देते.

या पद्धतीचा एक धोका असतो. महत्त्वाची कामं येतच राहिली, तर साध्या कामाचा नंबर कधीच लागत नाही. कंप्युटरवाले याला स्टार्व्हेशन म्हणतात, म्हणजे उपासमार. त्यावरचा उपाय असा, की जे काम जास्त वेळ थांबलंय त्याचं महत्त्व हळूहळू वाढवत न्यायचं. किंवा महत्त्वाच्या कामांना ठराविक वेळच द्यायचा.

शिर्डीत २०२५ मध्ये व्हीआयपींसाठी 'ब्रेक दर्शन' सुरू झालं, ते या दुसऱ्या उपायाच्या जवळचं आहे. व्हीआयपी दिवसभर कधीही येऊन रांग थांबवण्यापेक्षा त्यांच्या वेळा ठरवून दिल्या. समानता आली असं मी म्हणणार नाही. पण आता का थांबलोय आणि कुठपर्यंत थांबायचंय, हे सामान्य माणसाला कळू शकतं. मेस्टर यांचे दोन मुद्दे तरी यात सुटतात.

मोबाईलच्या रांगेत मान वळवून बघता येत नाही

२२ सप्टेंबर २०२४ ला कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बुकमायशोवर उघडली. कंपनीच्या म्हणण्यानुसार सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी लॉगिन केलं. "तुमच्या पुढे इतके लाख लोक आहेत" असे स्क्रीनशॉट दिवसभर फिरत होते. नंतर तीच तिकिटं दुसऱ्या साइटवर कितीतरी पट किमतीला दिसू लागली, तेव्हा लोकांचा संताप झाला. तिकीट न मिळण्यापेक्षा, पुढे नेमकं कोण होतं हे न कळण्याचा राग मोठा होता.

अशा ऑनलाइन रांगेत सर्व्हर प्रत्येकाला एक टोकन देतो. वेळेआधी येऊन थांबलेल्यांचे नंबर बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या टाकल्यासारखे लावले जातात, त्यामुळे पहाटे पाचला लॉगिन करून काही फायदा होत नाही. पण हा नियम आधी सांगितला नाही, तर माणसाला वाटतं आपला नंबर कोणीतरी खाल्ला.

आणि कधीकधी तो खरंच खाल्लेला असतो. मुंबईहून साईनगर शिर्डीला येणारी गाडी असो की नगरहून बाहेर जाणारी, तत्काळ तिकीट काढणाऱ्यांना हे माहीत आहे. रेल्वेनेच जून २०२५ मध्ये सांगितलं, की तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉट्सचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे असतात. अडीच कोटींहून जास्त संशयित युजर आयडी बंद केल्याचंही सांगितलं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी आली, आणि पहिली ३० मिनिटं एजंटांना बंद झाली.

म्हणजे या रांगेत निम्म्यापर्यंत घुसखोर होते, आणि एकही माणूस "ओ भाऊ" म्हणू शकला नाही. कारण कोणाला काही दिसतच नव्हतं. स्टँडवरची रांग आपली नजर राखते. मोबाईलची रांग फक्त कोड राखतो, आणि तो कोणी लिहिलाय, कसा लिहिलाय हे आपल्याला दिसत नाही.

घाईचा फायदा घेणारे

या न दिसण्याचा आणखी वाईट वापर आमच्याच जिल्ह्यात समोर आला. शनी शिंगणापूर देवस्थानच्या नावाने बनावट ॲप आणि वेबसाइट चालवून ऑनलाइन पूजेसाठी भाविकांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात हा विषय विधानसभेत आला, आणि अहिल्यानगरच्या सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ज्या गावात घरांना दारं नसतात म्हणून जगभर नाव, त्या गावाच्या नावाने हे व्हावं!

दूरच्या भाविकाला रांग टाळायची असते, श्रद्धा असते आणि घाई असते. त्यात स्क्रीनवर देवाचा फोटो आणि पेमेंटचं बटन दिसलं, की बोट आपोआप पुढे जातं. समोर काउंटर असता तर त्याने आजूबाजूला चार माणसं तरी पाहिली असती.

मग आपण काय करायचं?

पास किंवा पूजेचं बुकिंग करताना लिंक व्हॉट्सॲपवरून घेऊ नका, गुगलवरच्या जाहिरातीतूनही नको. देवस्थानच्या अधिकृत वेबसाइटवरूनच पुढे जा. पैसे जाण्याआधी कोणाच्या नावावर जातायत ते वाचा. "फक्त ३ जागा शिल्लक" किंवा उलटं मोजणारं घड्याळ दिसलं, की दोन मिनिटं थांबा, कारण ते तुमच्या घाईसाठीच लावलेलं असतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

पावती देणारं, नियम आधी सांगणारं आणि तुमचा नंबर दाखवणारं ॲप बरं. नुसतं "कृपया प्रतीक्षा करा" म्हणणाऱ्यावर शंका घ्यायला हरकत नाही.

आणि ऑनलाइन बुकिंग जमणारे आपण तरुण, पण पाथर्डी-जामखेडच्या एखाद्या आजोबांकडे बटनाचा फोन असतो. सगळे पास मोबाईलवरच वाटले, तर ते घरूनच रांगेबाहेर गेले, आणि हे कोणाच्या डोळ्यालाही दिसणार नाही. म्हणून मोबाईलवर कोटा असेल तिथे काउंटरवरही कोटा हवा, ही मागणी आपणच केली पाहिजे. शेवटी ठीक मागे उभा असलेला माणूस बोलला, तरच बाकीची रांग बोलते. मोबाईलच्या रांगेत त्यांच्या मागे आपणच उभे आहोत.