उष्टे, अळी व आपले कर्तव्य

‘अळी’ हा शब्द कानी पडताच आपण नाक मुरडतो. भाजीत अळी निघाली की भाजी टाकून देतो; परंतु टाकलेल्या भाजीचे पुढे काय होते, याचा विचार करण्याचे श्रम मात्र सहसा कोणी घेत नाही. ज्या जीवास आपण किळसवाणा म्हणून दूर लोटतो, तोच आपल्या उष्ट्याची उत्तम व्यवस्था लावू शकतो, हे आमच्या विद्यार्थी-बंधुभगिनींच्या नजरेस आणावे व त्या निमित्ताने दोन शब्द स्पष्टपणे बोलावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रश्न केवढा आहे ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात घरे, खाणावळी व दुकाने यांतून साली-देठांसह सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. आणि त्यातील सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. हे अन्न कचऱ्याच्या ढिगाखाली हवेवाचून कुजले म्हणजे त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता कोंडून ठेवतो. शिवाय तो पेटही घेतो. मुंबईत देवनार येथील कचऱ्याच्या डोंगरास जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग अनेकांच्या स्मरणात असेल.

आता त्या अळीविषयी. ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ अर्थात काळी सैनिक माशी ही मूळची अमेरिका खंडातील. परंतु आता ती आपल्या देशासह सर्व उष्ण प्रदेशांत आढळते. ही माशी चावत नाही, व घरमाशीप्रमाणे आपल्या ताटावर घोंघावत रोगराईही पसरवीत नाही. मादी कुजणाऱ्या पदार्थांजवळच्या कोरड्या फटीत सुमारे ५०० अंडी घालते. चारेक दिवसांत अळ्या बाहेर पडतात व पुढील सुमारे दोन आठवडे त्यांचे भोजन अखंड चालते. शिळा भात, भाजीचे देठ, फळांच्या साली, काहीही त्यांस वर्ज्य नसते. वाढ पूर्ण होताच अळी काळपट होते आणि कोरड्या जागेच्या शोधात आपण होऊन वर चढते. म्हणून पिंपास तिरकी वाट करून दिली की ती स्वतःच बाहेरच्या भांड्यात येऊन पडते. कचऱ्याचे वजन निम्म्याहूनही अधिक घटते आणि जे उरते ते खताच्या उपयोगी पडते. वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. युरोपीय संघाने किड्यांची प्रथिने २०१७ साली मत्स्यशेतीत व २०२१ साली कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यात वापरण्यास मुभा दिली, ती काही उगीच नव्हे.

तथापि उत्साहाच्या भरात विवेक सुटू नये. स्वयंपाकघरातील उष्टे अशा अळ्यांस घालण्यास त्याच युरोपात बंदी आहे. जनावरांचेच अवशेष जनावरांस चारल्याने इंग्लंडात गाईंमध्ये मेंदूचा भयंकर रोग पसरला होता. त्या अनुभवाने आलेली ही सावधगिरी आहे. शिवाय कचऱ्यात कॅडमियमसारखी विषारी धातू असेल तर ती अळीच्या शरीरात साठते. म्हणून आमचे मत असे की, मिश्र उष्ट्यावरील अळ्या खतापुरत्याच वापराव्या. कोंबड्यांस घालावयाच्या अळ्या केवळ स्वच्छ शाकाहारी अवशेषांवर पोसाव्या. ओला व सुका कचरा घरीच वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी आपल्या देशात प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले; ते काम मात्र कोणतीही अळी आपल्याकरिता करणार नाही.

कोणी म्हणेल, “अळी आहे ना खावयास, मग ताटात टाकले तर बिघडले कोठे?” हा युक्तिवाद आम्हांस सर्वाधिक घातक वाटतो. घासभर भातामागे शेतकऱ्याचा घाम, विहिरीचे पाणी व आईच्या हाताचे श्रम असतात. ते अळी परत देऊ शकत नाही. पाच भाकरींनी पाच हजारांस तृप्त केल्यावरही प्रभू येशूने उरलेले तुकडे वेचून घेण्यास शिष्यांस सांगितले व बारा टोपल्या भरल्या. जेथे अन्न विपुल होते तेथेही ही काळजी. मग जेथे शेजारी भुकेला आहे तेथे ती किती अधिक असावी! म्हणून क्रम असा असावा: आधी हवे तेवढेच वाढून घ्यावे, चांगले उरलेले भुकेल्यास द्यावे, नंतर गुराढोरांस चालेल ते त्यांस द्यावे, आणि मागे राहील तेच अळीच्या स्वाधीन करावे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने व वसतिगृहाने रोजचे उष्टे तोलून त्याचा आकडा फळ्यावर लिहावा. विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखाली सावलीत एक पिंप ठेवावे व त्याचे खत शाळेच्या बागेस घालावे. पिंपातील अळ्या पुष्ट झाल्या तर आनंदच आहे. परंतु फळ्यावरील आकडा दिवसेंदिवस घटत गेला, आणि अळ्या उपाशी राहावयाची वेळ आली, तर आम्हांस त्याहूनही अधिक आनंद होईल.