अब्बांचा टेपरेकॉर्डर आणि ब्लँकेटची पिशवी

मे महिन्यात माळ्याची सफाई काढली आणि अब्बांचा टेपरेकॉर्डर हाती आला. अब्बांना जाऊन ९ वर्षे झाली. अम्मींनी तो नव्या ब्लँकेटसोबत येते तशा पारदर्शक चेनच्या पिशवीत जपून ठेवला होता, वर वायर गुंडाळून. पिशवी काढायला गेलो तर ती झाकणाला चिकटलेली. वायरीखाली तर वायरीच्याच आकाराची चर पडलेली. आम्हाला वाटले, उंदराने कुरतडले. उंदीर बिचारा निर्दोष होता.

आमच्या वर्गातल्या मुलांना हे लगेच कळले असते. कंपासपेटीत पांढरे खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून महिनाभर राहिले की पट्टीवर खड्डा पडतो ना, तोच हा प्रकार. खोडरबर, वायरीचे वेष्टण, अशा जाड पिशव्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक. पाण्याचे पाइप पाहा. ते मऊ करायला त्यात तेलकट द्रव मिसळतात. तो आत पक्का बांधलेला नसतो. वर्षानुवर्षे तो बाहेर झिरपतो, पत्र्याखालच्या उष्णतेत जास्तच, आणि रेडिओ-टेपच्या प्लास्टिकमध्ये शिरून ते विरघळवतो.

म्हणून डब्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहावा. ३ म्हणजे पीव्हीसी, ते नकोच. २ व ४ म्हणजे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन; मऊपणासाठी त्यांना असे तेल लागत नाही. स्वयंपाकघरातले बरेच डबे ५ चेच असतात. थर्मोकोल चांगले वाटते, पण तेही वायरीपुढे वितळते. स्पंजचा फोम काही वर्षांत भुगा होऊन यंत्राच्या पोटात जातो. रबरबँडचेही तेच. वस्तू आधी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी, खळ असलेल्या नव्हे, आणि वायर वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवावी. कॉम्प्युटरचा उघडा सर्किट बोर्ड असेल तर तो ज्या चंदेरी पिशवीत येतो तीच वापरावी. साध्या प्लास्टिकच्या घर्षणाने निर्माण होणारी स्थिर वीज त्याला मारते.

डबा पावसाळ्यात बंद करू नये, दमट हवा आतच कोंडते. कोरड्या दिवशी भरावा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. आणि सगळ्यात आधी सेल काढावेत! आमच्याकडे तेही राहिले होते. पांढऱ्या खारासारख्या थराने स्प्रिंगा खाऊन टाकल्या होत्या.

आत एक कॅसेट होती. झाकण उघडेना, ओढायची हिंमत होईना. अखेर बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मागून स्क्रू काढून ती सोडवली आणि आपल्या यंत्रावर लावली. आमचा धाकटा भाऊ तिशीपर्यंतचे पाढे म्हणतोय, सतराच्या पाढ्यात अडकतोय, आणि अब्बा मागून म्हणतायत, "बेटा, फिरसे." अम्मींनी ती तीनदा ऐकली.

टेपरेकॉर्डर आता ५ आकड्याच्या डब्यात आहे. ती पिशवी मात्र अम्मींनी फेकू दिली नाही. सध्या तिच्यात ब्लँकेटच आहे.