डावा हात दिसला पाहिजे

पांझरेकाठून

थोरल्या मामांचं पेटीवादन आमच्या घरात एकाच चित्रणात उरलं आहे. पिंपळनेरला सप्ताहात भजन चालू असताना कुणीतरी समोर बसून मोबाइलवर घेतलेलं, जेमतेम तीन मिनिटांचं. त्यात मामांचा चेहरा आहे, कपाळावरचा बुक्का आहे, पेटीची मागची फळी आहे, मध्येच एका टाळकऱ्याचा खांदा आडवा येतो. पट्ट्या मामांच्या बाजूला असल्यामुळे उजवा हात दिसत नाही. डावा हात भात्यावर होता, पण फोन उभा धरलेला आणि चेहरा जवळ ओढलेला, म्हणून तोही चौकटीबाहेर गेला. आमच्या गल्लीतला नववीतला एक मुलगा सध्या पेटी शिकतो आहे. त्याला मी मोठ्या कौतुकानं हे चित्रण दाखवलं. त्यानं दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "काका, डावा हात ते दखायेच ना!"

डावा हात दिसतच नाही, हे त्याचं म्हणणं मनाला लागून राहिलं. मामा गेले, आता पुन्हा बसवून घेता येणार नाही. पण गावोगावच्या भजनी मंडळांत सत्तरी ओलांडलेले पेटीवाले अजून आहेत, आणि प्रत्येकाच्या घरात मोबाइल आहे. सप्ताह आला की त्यांची चित्रणं होतात, आणि जवळजवळ सगळी मामांच्या चित्रणासारखीच होतात. म्हणून आजचा स्तंभ एवढ्याशा गोष्टीवर: पेटीवाल्याचे दोन्ही हात दिसतील असं चित्रण कसं करायचं आणि ते का करायचं.

आधी का, ते सांगतो. पेटी ऐकताना आपलं लक्ष उजव्या हाताकडे असतं. बोटं नाचतात, सूर निघतात, लहान मुलालाही ते कळतं. पण पेटीचा श्वास डाव्या हातात आहे. भात्यातली हवा आतल्या स्प्रिंगनं दाबलेल्या दुसऱ्या भात्यात साठते आणि तिथून पितळी रीडवर जाते. नवशिका माणूस पंप मारावा तसा भाता मारतो. मग सूर हिंदकळतो, ओळीच्या मध्येच फुगतो आणि शेवटच्या अक्षराला दमतो. जाणता पेटीवाला गाणाऱ्याच्या दमाबरोबर भाता उघडतो, समेच्या आधी किंचित जोर देतो, आणि बुवा आलापात थांबले की हात नुसता ठेवून देतो. मामा म्हणायचे, बोटं महिन्याभरात बसतात, भात्याला वर्षं लागतात.

पेटीवर एक जुना आक्षेप आहे: तिच्यात मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीला दार बंद केलं, त्यामागे हा एक मोठा आक्षेप होता. ते दार १९७१ मध्ये किलकिलं झालं. मधली तीस वर्षं रेडिओवर मज्जाव असलेलं हे वाद्य गावच्या देवळात, नाटकाच्या पिटात आणि तमाशाच्या फडात चालूच राहिलं. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, पुढे तुळशीदास बोरकर यांनी पेटीला साथीच्या जागेवरून स्वतंत्र वादनापर्यंत आणलं. पट्ट्या तर ठरलेल्या जागीच राहतात, त्यांना घसरता येत नाही. दोन सुरांमधला सांधा झाकायचा तो भात्यानं, हवा जराशी सोडून, जराशी धरून. मींडेच्या आक्षेपाला पेटीवाल्यांनी जे उत्तर दिलं त्यातलं निम्मं तरी डाव्या हातानं दिलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि नेमकं हेच मोबाइलच्या आवाजात हरवतं. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. आवाज बारीक झाला की तो आपोआप वाढवतो, मोठा झाला की दाबतो. त्यामुळे पेटीवाल्यानं मुद्दाम हलका सोडलेला सूर आणि जोर देऊन काढलेला सूर चित्रणात जवळजवळ सारखेच ऐकू येतात. भात्याची सगळी कारागिरी सपाट होते. आवाजातून जे पुसलं गेलं ते पुढच्या पिढीला कळायचं तर डोळ्यांनीच कळेल. डावा हात दिसला, तो किती उघडला आणि कुठे थांबला हे दिसलं, तर शिकणारा निदान अंदाज बांधू शकतो. चेहऱ्यावरून तो बांधता येत नाही.

ही अडचण आपल्या पेटीपुरतीच नाही. कॉन्सर्टिना नावाचं षटकोनी, दोन तळव्यांत मावणारं वाद्य इंग्लंड-आयर्लंडमध्ये वाजवतात. त्याचं मूळ लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन यांच्या १८२९ च्या पेटंटापर्यंत जातं. अकरावी-बारावीला ज्यांच्या नावाचा 'ब्रिज' आपण सोडवतो तेच हे व्हीटस्टन. तिथेही सूर रीडचेच आणि वारा भात्याचाच, पण बटणं दोन्ही टोकांना, परस्परांकडे पाठ करून. एका बाजूनं पाहिलं की दुसरा हात नाहीसा. आपल्या पेटीचा खानदानी प्रवास वेगळा आहे. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेन यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ती पायानं हवा भरायची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला जमिनीवर बसून वाजवण्याजोगी हातपेटी केली. पायपेटीला दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असत. हातपेटीनं एक हात वाऱ्याला दिला. आपण खाली बसून गाणारी माणसं, म्हणून हा बदल आपल्याकडे रुजला. पण त्यामुळेच एक हात पेटीच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे, अशी विभागणी झाली, आणि समोरच्या माणसाला दोन्ही एकदम दिसणं बंद झालं.

आता कसं, ते. समोरून घेऊ नका. समोरून भाता दिसतो, पट्ट्या नाहीत. डावीकडूनही नको, कारण डावा हात पेटीवरून आडवा जातो आणि तोच पट्ट्या झाकतो. पेटीवाल्याच्या उजव्या हाताला, त्याच्या डोक्यापेक्षा हातभर उंच आणि थोडं पुढे जागा धरा, आणि तिथून खाली पाहा. बोटं जवळ दिसतात, त्यांच्या पलीकडे भात्याचा कोन उघडताना-मिटताना दिसतो. बरोबर डोक्यावरून घेता आलं तर उत्तमच. फोन आडवा ठेवा, आणि काहीही झालं तरी चेहऱ्याकडे जाऊ नका. मंडळींना वाईट वाटतं, "अरे, बाबांचा चेहरा घे की." चेहऱ्याचं दुसरं चित्रण करा, हवं तेवढं.

हातात धरून चालत नाही, दहा मिनिटांत हात थरथरतो. आम्ही मांडवाच्या बांबूला सुतळीनं फोन बांधतो. पाठीमागे ट्यूबलाइट असेल तर हात काळे पडतात, उजेड वादकाच्या समोरून यावा. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडायला सांगा, खांद्यावरचं उपरणं काढून ठेवायला सांगा. मनगट दिसणं फार महत्त्वाचं आहे. आणि सुरुवातीला वादकाच्याच तोंडून वदवून घ्या: पट्टी कोणती, काळी दोन की काळी चार, कोणत्या खुंट्या ओढल्या आहेत, कपलर लावला आहे का. कपलर लावलेला असला की एक पट्टी दाबल्यावर दुसऱ्या सप्तकातली आपोआप खाली जाते. हे माहीत नसलेला मुलगा ती तिसऱ्याच बोटानं दाबायची असं समजून महिनाभर धडपडेल.

पण प्रत्येक वाद्याला ही युक्ती चालत नाही. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत पावरी वाजते. दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या लावलेलं ते वाद्य वाजवणारा दम न तोडता वाजवतो, फिरत वाजवतो, आणि भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण असतं. तिथे बांबूला बांधलेला फोन उपयोगाचा नाही. तिथली बोटं दिसायची तर वादकाला नंतर निवांत, दिवसाउजेडी, एका जागी बसवून वेगळं वाजवायची विनंती करावी लागेल. तिथल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते तेव्हा तर ती पूजा असते. मोबाइल वर करण्याआधी तिथल्या जाणत्यांना विचारलंच पाहिजे, आणि नाही म्हणाले तर फोन खिशात गेला पाहिजे. पावरीवर मी स्वतंत्रपणे लिहीन, ती दोन ओळींत उरकण्याची गोष्ट नव्हे.

गेल्या रविवारी मामांच्या बरोबरीच्या एका पेटीवाल्या बाबांकडे त्या नववीतल्या मुलाला घेऊन गेलो. ओसरीच्या खांबाला फोन बांधला, बाह्या दुमडल्या, पट्टी सांगून घेतली, काळी तीन. बाबांनी दोन अभंग वाजवले. मग त्यांना चित्रण दाखवलं. पन्नासेक वर्षं वाजवत आलेल्या माणसानं स्वतःचा डावा हात असा वरून कधी पाहिला नव्हता. ते मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या अभंगात एका जागी त्यांनी बोट ठेवलं. "इथं भाता आधी ओढला गेला. ओळीचा दम संपायच्या आधी." आम्हाला काही कळलं नव्हतं. त्यांनी परत दाखवायला लावलं, मुलाला जवळ बसवून ती जागा तीनदा दाखवली, आणि म्हणाले, हे पुसून टाका, दुसरं घेऊ.

मुलगा म्हणाला, बाबा, हे राहू द्या, दुसरंही घेऊ. त्यावर ते थोडा वेळ विचारात पडले, मग मान हलवली आणि पेटी पुढे ओढली. सुतळी सैल झाली होती, ती पुन्हा आवळून बांधली.

– पांझरेकर