टरफले जपायची की दाणे?

प्रत्येक मुलाला १०० डॉलरांचा लॅपटॉप, अशी घोषणा निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ साली केली. २००७ मध्ये 'एक्सओ' प्रत्यक्षात आला, तेव्हा किंमत जवळजवळ दुप्पट झाली होती. आपल्या रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या शाळेतही तो पोचला. त्याची आज्ञावली खुली होती; तिची रचना उघडून पाहण्यासाठी खास कळ होती; पडदा उन्हातही वाचता येई.

आता काहीजण म्हणतात, त्याचाच विद्यार्थ्यांसाठी स्मार्टफोन करा. जरूर करा! २०२० च्या टाळेबंदीत फोन नसलेल्या कित्येक मुलांची शाळाच सुटली, हे आपण विसरलेलो नाही. परंतु बाजारातला फोन मुलाला गिऱ्हाईक समजतो. त्याच्या किल्ल्या कंपनीच्या कनवटीला असतात. खुली आज्ञावली आणि दुरुस्तीचा हक्क गाळून केवळ आकार घटवणे म्हणजे दाणे फेकून टरफले जपणे होय.

नुसत्या यंत्रवाटपानेही भागत नाही. पेरूमध्ये लॅपटॉप वाटूनही गणित व भाषा या विषयांत प्रगती दिसली नाही, असे २०१२ च्या पाहणीत आढळले. म्हणून, साथींनो, आपली मागणी नि:संदिग्ध असावी: फोन सरकारी खर्चाने, आज्ञावली खुली आणि प्रत्येक वर्गाला शिक्षक. यांपैकी एकही अट वगळणाऱ्या योजनेला कार्यकर्त्यांनी गावोगाव विरोध केला पाहिजे.