चित्रकथेतला वैमानिक एकटाच का उडतो?

१/
१४ डिसेंबर १९७१. श्रीनगरच्या विमानतळावर सहा सेबर विमाने चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचे छोटेसे नॅट विमान आकाशात झेपावले. हवाई दलाला मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्या लढतीचे. ‘अमर चित्र कथे’ने परमवीरांवर काढलेल्या अंकातून ही कथा हजारो मुलांपर्यंत पोहोचली. हे ऋण मोठे आहे. पण युद्धातील वैमानिकाची चित्रकथा ज्या साच्यात घडते, तो साचा तपासण्याची वेळ आता आली आहे.

२/
हा साचा परदेशी आहे. अमेरिकेत १९४१ मध्ये ‘ब्लॅकहॉक’ आला, १९४३ मध्ये रॉय क्रेनचा नौदल वैमानिक ‘बझ सॉयर’. ब्रिटनमध्ये १९६१ पासून ‘कमांडो’च्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका निघू लागल्या. १९६४ मध्ये मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले. फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला आणि इंद्रजालच्याच अंकांतून बझ सॉयरही भारतीय वाचकांच्या हाती आला.

३/
या साच्याचे नियम ठरलेले आहेत. नायक एक, शत्रू चेहरा नसलेला, निकाल शेवटच्या पानावर. सन्माननीय अपवाद म्हणजे १९६५ मधील ‘एनिमी एस’: कॅनिगर आणि क्यूबर्ट या अमेरिकी जोडीने त्यात पहिल्या महायुद्धातील एका जर्मन वैमानिकालाच नायक केले. शत्रूलाही मन असते, हे चित्रकथेला सांगता येते याचा तो पुरावा.

४/
इतिहास मात्र शेवटच्या पानाशी थांबत नाही. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोधावरील हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या परतले नाहीत. त्यांच्या मिस्टेअर विमानाची गाठ ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या स्टारफायटरशी पडली होती आणि त्यांनी ते पाडले होते. भारतात हे कुणालाच ठाऊक नव्हते.

५/
उलगडा झाला तो जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाच्या १९७९ मधील पुस्तकातून. आणि ते लिहिले गेले होते पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने! स्टारफायटरचा वैमानिक हवाई छत्रीने वाचला होता. देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले १९८८ मध्ये, तब्बल २३ वर्षांनी. ज्या शत्रूला चित्रकथा चेहरा देत नाही, त्याच्याच नोंदींनी येथे वीराला न्याय दिला.

६/
दुसरे उदाहरण मराठी मातीतले. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर डिसेंबर १९७१ मध्ये युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून ते निसटले. अफगाण सीमा काही मैलांवर आली असताना त्यांनी ‘लंडी खाना’ स्थानकाची चौकशी केली. तिथली रेल्वे १९३२ मध्येच बंद झाली होती. त्या एका प्रश्नाने संशय आला आणि तिघे पकडले गेले.

७/
साच्यातला नायक असा चुकत नाही. पण धाडसाची खरी ओळख या चुकीतच पटते. आपला नकाशा जुना असू शकतो हे जाणूनही पाऊल टाकणारा माणूस, आणि नकाशा जुना निघाला म्हणून लहान न ठरणारा माणूस, कोवळ्या वाचकाला अधिक उपयोगाचा.

८/
आता कळंबकडे या. यवतमाळ जिल्ह्यातील हे चिंतामणीचे गाव. तिथल्या मुलाने नकाशावर हवाई दल शोधले, तर बोट नागपूरवर थांबेल. तिथे वायुसेनानगरात मुख्यालय आहे ते मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे विमाने दुरुस्त आणि सज्ज ठेवणाऱ्या कमानीचे. तिकडे नाशिकजवळ ओझरला मिग विमाने बांधली गेली. विदर्भ-महाराष्ट्राचा हवाई दलाशी असलेला हा संबंध पाने-पकडींचा, हिशेबाचा आणि रात्रपाळीचा आहे. चित्रकथेत त्याला जागा किती? विमान उभे असते, नायक चढतो, एवढीच.

९/
डिसेंबर १९७१ मध्येच भुजची धावपट्टी बॉम्बहल्ल्यांनी उखडली गेली. माधापर गावच्या सुमारे ३०० स्त्रियांनी तीन दिवसांत ती पुन्हा उभी केली. भोंगा वाजला की झुडपांत लपायचे, शांत झाले की पुन्हा कामाला लागायचे. त्या धावपट्टीवाचून कोणता वैमानिक उडाला असता?

१०/
आक्षेप रास्त आहे: ३२ पानांत सगळे कसे मावणार? मुलाला आधी ओढ लागू दे, बारकावे मागाहून. ओढ लागलीच पाहिजे, यात वाद नाही. पण पहिल्या पुस्तकातली चित्रे मनात सर्वांत जास्त टिकतात, आणि ‘मागाहून’ वाचणारे थोडेच असतात. इंजिन तपासणाऱ्या मेकॅनिकला एक चौकट दिल्याने सेखोंचे शौर्य उणे होत नाही. उलट ते कल्पित नायकांच्या रांगेतून उठून खऱ्या माणसांत येऊन उभे राहते.

११/
इंद्रलाल रॉय या पहिल्या महायुद्धातील भारतीय वैमानिकाने जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत १० विजय नोंदवले. २२ जुलैला तो पडला, तेव्हा वय १९. त्याने स्वतः काढलेली विमानांची रेखाचित्रे आजही टिकून आहेत. वैमानिकाच्या त्या चित्रांत विमान नीट निरखलेले दिसते. वैमानिकावर चित्रे काढणाऱ्यांनीही एवढे निरखावे, ही अपेक्षा जास्त नाही.

१२/
कळंबच्या मुलाच्या हाती पुढची चित्रकथा पडेल, तेव्हा तिच्यात आकाश असावेच. पण खाली धावपट्टी असावी, तिच्यावर माणसे असावीत आणि समोरच्या विमानातही एक चेहरा असावा. वीरपूजा एकट्या नायकावर भागते. इतिहासाला ही सगळी माणसे लागतात.