खाँसाहेबांचा घसा

गेल्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वय पंचवीस, गाणं शिकलेला, हौशी नाटकांत रमणारा. हातात ‘कट्यार काळजात घुसली’ची संहिता.

"मॅडम, खाँसाहेब मिळालाय! उर्दू उच्चार तेवढे बघा ना माझे."

बघितले. प्रयोगाला त्याने मला पुढच्या रांगेत बसवलं. पहिला भाग झकास गेला. मध्यंतरानंतर आवाज जाड व्हायला लागला, मग फाटायला लागला, आणि तारसप्तकातल्या एका जागेवर तोंड उघडं राहिलं, आवाज आलाच नाही. ऑर्गनवाल्याने ती जागा भरून काढली म्हणून निभावलं. बाहेर चहाच्या टपरीवर लोक म्हणत होते, "पोराला गाणं झेपलं नाही." माझं मत वेगळं आहे. गाणं त्याला झेपलं होतं. झेपलं नाही ते बोलणं.

हे मी गाण्यातली जाणकार म्हणून लिहीत नाही. घसा खराब करून घेतलेली शिक्षिका म्हणून लिहिते. वर्गात साठ मुलं, वर पत्रा, पावसाळ्यात त्यावरचा धो धो आवाज, आणि त्यावर मात करून शिकवायची कविता. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण शिकवलं, फळ्यावर अक्षर कसं काढायचं ते शिकवलं, आवाज कसा लावायचा हे कुणी शिकवलं नाही. पस्तिशीत माझा आवाज बसला तो दोन महिने. घशाच्या डॉक्टरांनी पहिलं काय सांगितलं असेल, तर कुजबुजायचंसुद्धा नाही. मी समजत होते की कुजबुजणं म्हणजे विश्रांती. तर नाही, त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो.

आता खाँसाहेबांकडे येऊ. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक नाट्यसंपदाने 1967 साली रंगमंचावर आणलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. एकच पद पंडितजी शांतपणे, ठायीठायी थांबत गातात आणि खाँसाहेब तेच पद वेगळ्या चालीत, चपळ तानांनी उधळून लावतात. दोन घराणी, दोन स्वभाव प्रेक्षकाला तिथेच कळतात. पण दोन पदांच्या मध्ये हा माणूस काय करतो? रागावतो. टोमणे मारतो. हुकूम सोडतो. शेजारच्या पेटीवर सूर धरलेला नसताना, तालाचा आधार नसताना, चढ्या आवाजात बोलत राहतो. आणि लगेच पुढच्या क्षणी त्याला स्वच्छ षड्ज लावायचा असतो.

साधा हिशेब बघा. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात. काळी एकच्या पट्टीत तार षड्ज लावला की तोच आकडा पावणेतीनशेच्या वर जातो. गायक हे रियाजाने करतो, श्वासाच्या जोरावर करतो. पण ओरडताना तोच गायक रियाज विसरतो आणि सगळा जोर घशावर टाकतो. त्या सुजलेल्या तंतूंकडून मग तान मागायची!

युरोपातल्या ऑपेरात वाग्नरच्या भूमिका सर्वांत दमवणाऱ्या मानल्या जातात. ऐंशी-शंभर वादकांच्या ताफ्यावरून, माइकशिवाय, चार-पाच तासांच्या खेळात गायचं. त्याच्या ‘ट्रिस्टान’मधला पहिला नायक लुडविग श्नोर 1865 साली म्युनिकमध्ये ते गायला आणि काही आठवड्यांतच वारला. वय 29. भूमिकेनेच त्याचा जीव घेतला ही दंतकथा असेल, पण तेव्हापासून ती धास्ती चिकटली ती चिकटलीच. असल्या भूमिका तिकडे बहुधा कोवळ्या गळ्याला देत नाहीत, आणि दोन प्रयोगांच्या मध्ये गायकाला विश्रांतीचे दिवस असतात. शिवाय वाग्नरच्या नायकाला बोलावं लागत नाही. जे काही आहे ते सुरातच. आपल्या खाँसाहेबांना दोन्ही करावं लागतं. "आता माइक आहे की" असं कुणी म्हणेल. माइकने आवाज लांब जातो हे खरं. पण रागाचा अभिनय करताना नट माइकसाठी ओरडत नाही, स्वतःसाठी ओरडतो.

वसंतराव देशपांड्यांनी ही भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. अनेक गुरूंकडून तावून सुलाखून निघालेला गळा. आमच्या पोराला ती पंचविशीत मिळाली, कारण मंडळात ताना घेणारा तो एकटाच होता.

आणि आता जे मला खरं बोचतं ते. मी त्याला विचारलं, "अरे, तू एवढा गरजत का होतास?" तो म्हणाला, "मॅडम, खाँसाहेब आहे ना तो. मुसलमान उस्ताद. भारदस्त वाटायला नको?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. दाढी, शेरवानी आणि गर्जना असा साचाच आपल्या डोळ्यांपुढे तयार असतो. ख़ म्हणताना तो घसा खरवडत होता, कारण त्याला वाटायचं उर्दू म्हणजे खरखर. खरं तर ख़ आणि ग़ जिभेच्या मुळाशी, पडजिभेच्या आसपास होतात. स्वरतंतू खाली निवांत राहू शकतात. लखनवी उर्दू बोलणारी जुनी माणसं ऐका, आवाज चढत नाही, नुक्ता मात्र एक सुटत नाही.

मग मी त्याला अब्दुल करीम खाँची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवली. मिरजेला स्थायिक झालेले, 1937 साली वारलेले, तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन झालेले. सवाई गंधर्वांचे गुरू. तो आवाज बारीक, ओला, विनवणी करणारा. पोरगा बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "हे खाँसाहेब?" म्हटलं, हो, हे खाँसाहेब.

(जाता जाता: याच नाटकात झरीना पहिल्यांदा फैयाज यांनी केली. सोलापूरच्या. पुढे नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. आपल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे?)

कट्यारच्या चित्रपटात पंडितजींचा आवाज शेंदूर खायला घालून घालवतात. आमच्या हौशी मंडळांना शेंदराची गरज नाही. सकाळी रंगीत तालीम, संध्याकाळी प्रयोग, मध्ये वडापाव आणि कोल्ड्रिंक, एवढं पुरतं. भूमिका देताना पेटीवर पद गाऊन घेतात, टाळ्या होतात, निवड झाली. माझं म्हणणं एवढंच, आधी त्याच्याकडून रागाचा प्रवेश पूर्ण म्हणून घ्या, पाणीसुद्धा न देता. आणि तो संपल्या संपल्या षड्ज लावायला सांगा. लागला तर भूमिका द्या. नाही लागला तर त्याला दहा वर्षं थांबवा.

तो आता दर रविवारी येतो. आम्ही बसून संवाद वाचतो, बसल्या आवाजात. परवा त्याने पंडितजींवर उखडण्याचा तो प्रवेश जवळजवळ हळू म्हटला. शेजारच्या खोलीतून अम्मीने विचारलं, "कोण एवढं रागावलंय?"