हेड उघडण्याआधी गेज लावा



गळीत हंगाम तोंडावर आला की गॅरेजांपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. तक्रार ठरलेली. सकाळी लवकर चालू होत नाही, धूर मारतो, भरल्या ट्रॉल्या घेऊन चढ चढताना दम टाकतो. मेस्त्री नुसतं कानानं ऐकून सांगतो, "इंजिन कामाला आलंय, लायनर-पिस्टन बदला." आपण मान डोलावतो. मीही डोलावली होती. नवा सेट बसला, हेड मात्र होतं तसंच चढवलं. महिन्याभरात पुन्हा तोच धूर! निघालं काय, तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं. तेव्हा दाब किती, हे आधी मोजायला नको का? इंजिन गरम करून, डिझेल बंद ठेवून, नोझलच्या जागी गेज बसवायचं आणि स्टार्टर मारायचा. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. चांगल्या इंजिनात दर चौरस इंचाला साधारण ३५० ते ४५० पौंड दाब मिळतो; नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. पेट्रोल गाडीचं गेज इथं चालत नाही, ते एवढा दाब सोसत नाही.

माझ्या मते आकड्यापेक्षा फरक बघावा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून खाली असला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल घालून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा-लायनर झिजले; तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. (तेल चमचाभरच हं! जास्त झालं तर पिस्टन अडून रॉड वाकतो.) पिस्टनच्या वाटीत तेल साचतं, म्हणून ही खूण शंभर टक्के पक्की नव्हे, पण दिशा कळते. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले, तर मधलं गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा.

हे गेज प्रत्येकानं विकत घ्यावं असं मी म्हणत नाही. कारखान्यानं दोन घ्यावीत, हंगामापूर्वी गटवार फिरवावीत आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा सभासदाला कागदावर लिहून द्यावा. मेस्त्रीच्या पोटावर पाय येतो म्हणाल, तर तसं नाही. काम त्यानंच करायचं आहे, फक्त नेमकं कुठलं ते कागद सांगेल. वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदन द्यायला कोण उभं राहतंय, बघू.

— एक ऊस उत्पादक सभासद